कोळिष्टकाची उलटी फेरी

४ फेब्रुवारी

बारके,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. मागच्या सगळ्या पत्रांवर लिहिला होता आणि त्याचं तू काय केलंस ते मला ठाऊक आहे. भाचीने सांगितलं, "आई पाकीट फोडते, उभ्याउभ्या वाचते, परत घडी घालून आत ठेवते आणि डिंकाने चिकटवून टाकते." म्हणजे न फोडल्यासारखं. फोन केला की तीच पोरगी गोड आवाजात म्हणते, "मावशी, आई दुकानात आहे." रविवारीसुद्धा. चष्म्याचं दुकान रविवारी बंद असतं एवढं मला कळतं.

हे पत्र ख्यालीखुशालीचं नाही. कामाचं आहे, आणि मी संतापलेली आहे.

काल वेधशाळेतून पत्र आलं. सुरुवात "आदरणीय मॅडम" अशी. आपल्याला कोणी आदरणीय म्हटलं की समजावं, पुढच्या ओळीत काहीतरी काढून घेणार आहेत. तळघरातल्या आकाशाच्या फोटोंच्या साडेअकरा हजार काचा आता स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये चढवायच्या आहेत. चढवा बापडे. पण त्याआधी प्रत्येक काच पुसणार. धूळ पुसायला माझी ना नाही, हे शाई पुसणार आहेत. काचेच्या मागे आपण केलेल्या खुणांची स्कॅनमध्ये सावली पडते म्हणे. शब्द असे आहेत: "अनावश्यक खुणा स्वच्छ करण्यात येतील."

अनावश्यक! छत्तीस वर्षं त्या मोजणीच्या यंत्राला डोळा लावून बसले, पाठीला बाक आला, आणि उरलं काय तर अनावश्यक खूण. मी लगेच उत्तर धाडलं. त्यातला तुकडा इथे उतरवते, कारण बरा जमला आहे:

"एखादा मोठा तारा फुटतो तेव्हा त्याची राख हजारो वर्षं पसरत राहते. आपल्या आकाशगंगेत अशी राख जागोजाग पडलेली आहे. तिचे पूर्वी काचेवर फोटो घेतले, तीसेक वर्षांनी तसेच परत घेतले. तेवढ्या काळात राखेचा एक धागा काचेवर सरकतो तो केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. ते सरकणं आम्ही डोळ्याने मोजलं. मोजलेल्या धाग्याच्या उजवीकडे शाईचा ठिपका द्यायचा. ही सुलटी फेरी. मग काच अर्धी फिरवून उलटी लावायची आणि सगळे धागे नव्याने मोजायचे, कारण माणसाचा डोळा कायम एका बाजूला झुकतो. काच उलटी केली की तो उलट्या बाजूला झुकतो आणि दोन्ही फेऱ्यांच्या सरासरीत खोट निघून जाते. या उलट्या फेरीचा ठिपका डावीकडे. प्रत्येकीची शाई वेगळी, कोपऱ्यात तारीख. एका काचेवर दोन डोळे चालत नाहीत, कारण दोघींची खोट सारखी नसते. तुम्ही ज्याला घाण म्हणता ती कोणी, केव्हा, किती मोजलं याची साक्ष आहे."

शाळेतल्या सिस्टरने हे वाचून "गुड" म्हटलं असतं. तुला तरी म्हटलं असतंच. मला तिने सात वर्षांत दोनदा म्हटलं.

पत्रात आणखी एक गोष्ट आहे. ज्या काचांवरच्या खुणा जपण्याजोग्या आहेत त्यांची यादी मी महिनाअखेर द्यायची. त्यांचे आधी फोटो काढतील, मग पुसतील. मलाच का? तर "त्या काळातील अन्य कोणी उपलब्ध नाही." मी त्यांना कळवलं की माझी धाकटी बहीण उपलब्ध आहे, तिने तिथे सहा वर्षं काम केलं, जांभळी शाई तिची, लाल माझी, आणि तिचा डोळा माझ्याहून चांगला होता.

तर तूही एक खरमरीत पत्र लिही. नंतर जे झालं ते झालं. त्याबद्दल हे पत्र नाही.

ताई

१३ फेब्रुवारी

बारके,

तू लिहिलं नाहीसच. मी प्रत्यक्ष जाऊन आले.

फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "कोणाला भेटायचंय आजी?"

मी म्हटलं, "आजी तुमची घरी असेल. मी मोजणीच्या खोलीची प्रमुख होते."

"कसली मोजणी?"

त्याने वहीत सही घेतली आणि "येण्याचे कारण" या रकान्यात "वैयक्तिक" लिहिलं.

काचांचा ताबा आता पंचेचाळिशीच्या एका बाईकडे आहे. त्या सतत पांढरे सुती हातमोजे घालून असतात, चहासुद्धा तसाच पितात, म्हणून मी त्यांना मनात हातमोजेबाई म्हणते. बाई हळू बोलतात. मी इतकी तयारी करून गेले होते आणि भांडायला समोर कोणी उभंच राहीना. "अगदी बरोबर आहे तुमचं," असं म्हणत म्हणत त्या पुसत होत्या.

कापसाचा बोळा, स्पिरिट, काचेचा मागचा भाग वर. डावीकडून उजवीकडे एकदाच हात. माझी लाल शाई बोळ्यावर गुलाबी होऊन आली. एका काचेला चाळीस सेकंद लागतात, मी घड्याळ लावून पाहिलं. ती काच मोजायला मला अकरा दिवस लागले होते. मला काही वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं ते इतकंच की बोळे फार वापरतात.

आपली खोली तीच आहे. खिडकीची खालची काच अजून रंगवलेली, उजेड डोळ्यात येऊ नये म्हणून. यंत्र खोळ घालून कोपऱ्यात ठेवलंय. एकतीस मार्चला त्याला दर्शनी दालनात पेटीत उभं करणार आहेत, लोकांनी बघायला. मी खोळ काढली. स्क्रू अजून लोण्यासारखा फिरतो. नेत्रिकेतून पाहिलं तर आडव्या-उभ्या तारेची फुली जागच्या जागी. मोतीबिंदूनंतर माझा उजवा डोळा बरा आहे, पण धुकट धाग्याच्या कडेवर फुली बसवताना पूर्वीसारखाच डावीकडे झुकतो. इतक्या वर्षांत एवढी एक गोष्ट बदलली नाही.

मग बाई म्हणाल्या, "मॅडम, एका काचेबद्दल विचारायचं होतं. ते जाळ्यासारखे अवशेष आहेत ना, ज्यांना तुम्ही लोक..."

"कोळिष्टक."

"हो! नोंदीत तसंच आहे. इतक्या मोठ्या गोष्टीला कोळिष्टक कोणी म्हटलं हो?"

"माझ्या बहिणीने. पहिल्याच दिवशी नेत्रिकेतून बघून म्हणाली, ताई, इथे झाडू मारायला हवा."

बाई हसल्या. मग म्हणाल्या की कोळिष्टकाची सर्वांत जुनी काच बहात्तर वर्षांपूर्वीची. ती असती तर आजच्या फोटोशी ताडून बहात्तर वर्षांचं सरकणं मिळालं असतं. दोन ठिकाणच्या संशोधकांनी मागितली आहे. आज कितीही मोठी दुर्बीण आणली तरी बहात्तर वर्षांपूर्वीचं आकाश काही कोणी परत काढू शकत नाही.

"मग द्या ना," मी म्हटलं.

"कुठून देऊ? ती फुटली." त्यांनी नोंदवही उघडून माझ्यापुढे धरली. "हे बघा. 'हाताळताना फुटली. तुकडे टाकले.' खाली सही नाही. अक्षर मात्र सुंदर आहे. कॉन्व्हेंटचं वाटतं."

मी म्हटलं, "असेल."

ताई

२० फेब्रुवारी

बारके,

यादी पाठवली. दोनशे चौदा काचा. पेटी क्रमांक, काचेचा क्रमांक, कोणाची शाई, खूण कशाची, असे रकाने आखून. बाईंचा फोन आला, "किती नीटनेटकी यादी आहे हो!" म्हाताऱ्या माणसाने काहीही नीट केलं की लोकांना मांजराने दार लावल्यासारखं कौतुक वाटतं.

मी सहज विचारलं, "खराब काचांच्या पेट्यांचं काय करणार?"

त्या म्हणाल्या, "अंधारखोलीत नासलेल्या ना? त्यांचं स्कॅन करत नाही. महिनाअखेरीनंतर सगळ्या पेट्या काच म्हणून देऊन टाकणार. जागा अडते."

"उघडून बघत नाही?"

"चारशे आहेत मॅडम. आणि वर लिहिलंच आहे ना, खराब."

माझ्या यादीत खराब काचांची एकही पेटी नाही. यात गैर काही नाही.

आज सकाळपासून सिस्टर आठवते आहे. लाकडी पट्टीवाली. तुला आठवतं, वहीत रबर वापरलं की ती पान फाडायची? म्हणायची, चूक खोडायची नाही. तिच्यावर एकच रेघ मारायची, सरळ, आणि वर बरोबर ते लिहायचं. चूक खालून दिसली पाहिजे. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा तिला विचारलं होतंस, "सिस्टर, चूक दिसत राहिली तर लाज नाही का वाटणार?" ती म्हणाली, "त्यासाठीच." आपण दोघींनी तिच्याच हाताखाली गिरवलं, त्यामुळे दोघींचं अक्षर परक्याला एकच वाटायचं. नळवाल्यापासून बॉसपर्यंत सगळ्यांची फसगत व्हायची.

बॉस म्हणजे आपला धूमकेतू. नाव तूच ठेवलं होतंस, कारण खोलीत क्वचित यायचा आणि आला की मागे माणसांचं शेपूट. गेला बिचारा. बातमीत फोटो जुनाच छापला होता, केस असलेला.

तुझी कावीळही आठवली. तीन आठवडे. डोळे पिवळेधमक, आणि डॉक्टरांनी उठायचं नाही म्हटल्यावर तू पडल्यापडल्या रडत होतीस की कोळिष्टकाची जुनी काच अर्धी राहिली. नवी दोन्ही फेऱ्यांनी झाली होती, जुनीची फक्त सुलटी. मी म्हटलं होतं, "काच कुठे पळून जात नाही. बरी हो आणि कर."

पाहा, विषय कुठून कुठे गेला. लिहिणार होते ते यादीबद्दल.

ताई

२ मार्च

बारके,

हे पत्र बसून वाच.

सत्तावीस तारखेला मी वेधशाळेत गेले. पहारेकऱ्याने आता "या मॅडम" म्हटलं. हातमोजेबाईंना सांगितलं, "खराब काचांची अठ्ठ्याऐंशी नंबरची पेटी काढा."

"ती तुमच्या यादीत नव्हती."

"नव्हती. म्हणून आले."

पेटीत चोवीस काचा होत्या. धुरकट, डागाळलेल्या, एकीवर तर कोणाचा तरी अंगठा. एकोणिसाव्या खाचेत कागदी पाकिटावर "खराब" लिहिलेली काच मी बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाच्या फळीवर ठेवली. कोळिष्टक. अख्खं. वरच्या कडेचे धागे, पूर्वेची ती वेणीसारखी पीळ पडलेली गाठ, सगळं. काळ्यावर पांढरं नव्हे, आपल्या काचांवर असायचं तसं पांढऱ्यावर काळं.

बाईंनी मला मिठी मारली. हातमोज्यांसकट. "मॅडम, चुकून पडली असेल हो त्या पेटीत! कोणाच्या लक्षात आलं नसेल!" आणि लगेच टेबलावरचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. "एवढी घेऊ ना पुसून? आजच स्कॅनला लावते."

बारके, चाळीस सेकंदांचं काम होतं. काच जगाला मिळाली असती, संशोधकांना त्यांची बहात्तर वर्षं मिळाली असती, माझं नाव आभारात छापलं असतं, आणि शाई बोळ्यावर गुलाबी होऊन कचऱ्यात गेली असती. मला तोंड उघडायचीसुद्धा गरज नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी एक्केचाळीस वर्षं झाकलेली होती.

मी म्हटलं, "थांबा. आधी मागची बाजू बघा."

मागच्या बाजूला तुझे जांभळे ठिपके, छप्पन्न धाग्यांच्या उजवीकडे छप्पन्न, एका ओळीत शिवल्यासारखे. डावीकडे फक्त सात. लाल. आणि कोपऱ्यात लाल शाईत एक तारीख. त्या तारखेला तू काविळीने अंथरुणावर होतीस.

आता जे तुला माहीत आहे तेच लिहिते, पण माझ्या हातचं.

धूमकेतूला परिषदेला जायचं होतं. त्याने येऊन विचारलं, "कोळिष्टकाचं शुक्रवारपर्यंत होईल ना?" म्हणायला हवं होतं की नाही होणार, जिचा डोळा आहे ती आजारी आहे, तीन आठवडे थांबा. मी म्हटलं, "होईल." मला आयुष्यात कोणी विचारलेलं काम होणार नाही असं म्हणता आलेलं नाही, लोक त्याला कर्तबगारी म्हणत आले.

मी काच उलटी लावली आणि मोजायला घेतली. सात धागे झाले. तुझ्या सुलट्या आकड्यांशी माझे जुळेनात, जुळणारही नव्हते, दुसरा डोळा तो. पण खरी गोष्ट त्याहून वाईट होती. तुझे आकडे पाहिले. एकच धागा पाच वेळा मोजताना तुझा फरक पडायचा दोन मायक्रॉनचा, माझा पाचाचा. मी तुला शिकवलं होतं. मीच तुला त्या खोलीत आणलं होतं. नाकापेक्षा मोती जड झालेला मला त्या दिवशी आकड्यांत दिसला.

मी काच उतरवली. उरलेली उलटी फेरी टेबलावर बसून केली. तुझ्या सुलट्या आकड्यांवरून उलटे आकडे काढले, मधूनमधून एक-दोन मायक्रॉन इकडेतिकडे केले, म्हणजे खरे वाटावेत. तारीख तुझ्या आजारपणाच्या आदल्या दिवसाची घातली. खाली आद्याक्षर तुझं. कारण नियम होता ना, एका काचेवर एकच डोळा. बघ, नियम मी पाळला.

तुझ्या डोळ्याची बारीकशी खोट, जी उलट्या फेरीत निघून गेली असती, ती जुन्या काचेत तशीच राहिली. सहा मायक्रॉन. पण धागे दहा हजार वर्षं मागे नेऊन कुठे मिळतात ते बघायचं, म्हणजे ती खोट तीनशेपट झाली. पूर्वेचे धागे जोरात पळताना दिसले, पश्चिमेचे सुस्त, आणि स्फोटाची जागा पश्चिमेला सरकली. तिथे नेमका एक निळा मिणमिणता तारा होता. धूमकेतूने परिषदेत जाहीर केलं, हाच तो, फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. टाळ्या पडल्या. दोन वर्षांनी समुद्रापलीकडच्या लोकांनी आपल्या काचा मोजल्या. केंद्र भलतीकडेच निघालं आणि निळा तारा कोणीतरी रस्त्याने जाणारा निघाला.

मग चौकशी. तुझी उलटी फेरी सुलटीशी इतकी जुळत होती की ती खोटी आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. काच तपासू म्हणाले. काच आदल्या दिवशीच "फुटली" होती.

ती बैठक मला शब्दशः आठवते. धूमकेतू म्हणाला, "काविळीच्या डोळ्यांनी मोजलं की काय?" आणि शेपूट हसलं. तू म्हणालीस, "उलटी फेरी मी केलेली नाही." त्याने मला विचारलं, "तुम्ही काय सांगता?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी रंगवलेल्या खिडकीकडे पाहिलं आणि म्हटलं, "नोंद तिच्या नावावर आहे."

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी खोटं बोलले नाही. नोंद तुझ्याच नावावर होती. केली होती मी, हे मला कोणी विचारलं नव्हतं.

घरी येऊन तू पेटी भरलीस आणि दारात एकच वाक्य बोललीस. "ताई, तुझं अक्षर मी ओळखते." त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही.

आणि गेल्या महिन्यात "साक्ष पुसता?" म्हणून आरडाओरडा कोण करत होतं, तर मी. चोराच्या उलट्या बोंबा. पण संताप खराच होता, हेही लिहून ठेवते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे मला पूर्वी माहीत नव्हतं.

हे सगळं मी हातमोजेबाईंना सांगितलं. त्यांच्या हातातला बोळा वाळून गेला होता. त्या म्हणाल्या, "मग ही पुसायची नाही."

"आता नाही."

ताई

१२ मार्च

बारके,

काल भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, आई दुकानात आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "या वेळी तिने पाकीट चिकटवलं नाही. वाचलं आणि तसंच उघडं ठेवलंय." आकडा एकच असेल तर त्यावरून अनुमान काढायचं नसतं.

कामाचं सांगते.

सध्याच्या संचालकांना सगळं लेखी दिलं. मुलगा भला आहे, पन्नाशीचा. म्हणाला, "मॅडम, इतकी जुनी गोष्ट. त्या वेळचं आता कोणी उरलेलं नाही. कशाला स्वतःला त्रास करून घेता?"

मी म्हटलं, "मी उरले आहे. आणि जिच्यावर आळ घेतलात ती चष्मे विकते आहे, तीही उरली आहे."

"पण हे जाहीर झालं तर तुमचं नाव..."

"तुम्ही माझ्या सगळ्या खुणा पुसायला निघाला होतात. आता एक ठेवा."

त्याने पाणी मागवलं. मग सही केली. तुला बडतर्फ केल्याचा जो कागद होता तो रद्द झाल्याचं पत्र वेगळं येईल, रजिस्टर पोस्टाने. सही करून घ्यावं लागेल, तेव्हा दुकानात आहे असं सांगू नकोस. निवृत्तीच्या वेळी त्यांनी मला दिलेलं भिंतीवरचं घड्याळ मी परत नेलं होतं. ते काही केल्या घेईनात, नियमात बसत नाही म्हणे. पहारेकऱ्याच्या खोलीत लावून आले.

नोंदवही मागवून घेतली. उलट्या फेरीच्या रकान्यावर पट्टी ठेवून एक रेघ मारली, सरळ. तुझ्या आद्याक्षरावर एक. वर माझं आद्याक्षर आणि आजची तारीख. "हाताळताना फुटली" यावरही एक. खालचं सगळं वाचता येतं.

आता राहिली काच. तिचे पुढून-मागून फोटो काढून झाले आहेत, ते वहीत लावतील. स्कॅनसाठी ती शेवटी पुसावीच लागणार, ते मला पटलं आहे. कोळिष्टकाचे धागे माझ्या ठिपक्यांपेक्षा महत्त्वाचे आहेत. पण यंत्र दालनात जाईपर्यंत, म्हणजे एकतीस तारखेपर्यंत, पुसणार नाहीत. हातमोजेबाई म्हणाल्या, "मॅडम, राहिलेली फेरी तुम्ही पूर्ण करा ना. कॉम्प्युटर मोजेलच, पण नोंद पुरी होईल."

करणार होते. स्टुलावर बसलेसुद्धा. पहिल्या धाग्यावर फुली आणली आणि लक्षात आलं की मी परत तेच करते आहे. सुलटी फेरी तुझ्या डोळ्याची आहे. उलटीही त्याच डोळ्याची हवी. माझे सात रद्द, त्यांच्यावर मी बारीक लाल रेघ दिली आहे. छप्पन्न राहिले आहेत. तुझा वेग आठवतो, तीन दिवस पुरतील. डोळा आता पूर्वीचा नसेल, पण तू दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासतेस, तुझा कितपत झुकतो ते तुलाच ठाऊक. मी त्या तीन दिवसांत खोलीत असायलाच हवं असं नाही. आले तर बोलणार नाही. आकडे उतरवून घ्यायला कोणी लागलं तर टेबलापलीकडे बसेन.

काच यंत्रावर लावली आहे, उलटी. पूर्वेची गाठ फुलीखाली आणून ठेवली आहे. जांभळ्या शाईची दौत वाळली होती, नवी आणली, रंग किंचित गडद आहे. स्टूल तुझ्या उंचीला दोन फेरे खाली घेतलं आहे.

ताई